पडद्याकडे पाठ

गफूरभाई मनियार यांनी आमच्या वाचनालयात दाखवलेला एकही सिनेमा चुकवलेला नाही आणि एक सोडला तर एकही पाहिलेला नाही.

हे कसं, ते सांगतो. आमच्या सभागृहात पडद्याच्या डाव्या अंगाला, खिडकीखाली, एक लोखंडी स्टूल असतं. भाई त्यावर बसतात ते पडद्याकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून. समोर पन्नास-साठ माणसं सिनेमा बघत असतात आणि भाई ती पन्नास-साठ माणसं बघत असतात. मागे पडद्यावर तोफा धडधडोत, नायिका कड्यावरून उडी घेवो, अख्खं गाव जळो, भाईंची मान वळत नाही.

नवीन माणूस पहिल्या दिवशी बिचकतो. शेजारच्याला हळूच विचारतो, "हे बाबा कोन? आपल्याकडं का बघत्यात?"

"कंडक्टर हायेत," शेजारचा सांगतो.

एवढ्या उत्तरानं त्याचं समाधान कसं होतं कोण जाणे, पण होतं.

भाई बत्तीस वर्षं बसचे कंडक्टर होते. नेवासा ते नगर, नेवासा ते श्रीरामपूर, नेवासा ते शेवगाव. "डायवर पुढं बघतो सर, कंडक्टर मागं बघतो," हे त्यांचं तत्त्वज्ञान. "रस्त्यात काय बघायचं? रस्ता त्योच असतो. मानसं रोज नवी." निवृत्त झाल्यावरही त्यांनी आपला जुना तिकीट पंच जवळ ठेवला आहे. तिकिटाला भोक पाडायचा तो चिमटा. कापडी पिशवीत घालून तो ते सगळीकडे नेतात. सिनेमाची वेळ झाली की खिडकीच्या गजावर दोनदा आपटतात, टक्-टक्. ही डबल बेल. मग "पुढं सरका, दारात गर्दी करू नका," असं म्हणून ते स्टुलावर बसतात आणि मी प्रोजेक्टर सुरू करतो. एकदा मी बेलची वाट न बघता सुरू केला, तर तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "ओ सर, गाडी सोडली कुनी?"

सिनेमा संपला की भाई उठतात आणि मोठ्यानं विचारतात, "कुनी राहिलं का?" मग खुर्च्यांखाली वाकून बघतात. आजवर त्यांना छत्र्या सापडल्या आहेत, चष्मे सापडले आहेत, एकदा दातांची कवळी सापडली आहे, आणि दोनदा झोपलेले दगडू आण्णा.

मी या वाचनालयाचा ग्रंथपाल शेटे. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी सिनेमा दाखवण्याची कल्पना माझी. प्रोजेक्टरसाठी पंचायतीत खेटे मी घातले. खिडक्यांना काळे पडदे माझ्या बायकोनं, शोभानं, शिवले. सिनेमाआधी अर्धा तास मी प्रस्तावना करतो. दिग्दर्शक कोण, प्रकाशयोजना कशी, मौनाचा वापर कुठे केला आहे. मी तयारी करून बोलतो. लोक ऐकतात. म्हणजे गप्प बसतात.

पण सिनेमा संपला की माझ्याकडे कोणी येत नाही. सगळे भाईंच्या स्टुलाभोवती जमतात.

"भाई, मी कुठं रडलो?"

"तू व्हय? तू न्हाई रडला. रडू आलं तवा खोकला काढला. दोनदा."

"आन मी ओ भाई?"

"तुमी सुभेदार, लढाईत गप हुता. चिठ्ठी वाचताना तेवढं टोपी काढली आन परत घातली."

लोक हसतात, लाजतात, एकमेकांना कोपरानं ढोसतात आणि खूश होऊन घरी जातात. मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळत हे ऐकत असतो. माणसाला सिनेमाबद्दल काही ऐकायचं नसतं, स्वतःबद्दल ऐकायचं असतं, हे मला तेव्हा कळलं. कळून उपयोग नव्हता. जळफळाट होत होता तो होतच राहिला.

लपवून काय उपयोग? मी त्या माणसावर जळत होतो. पुस्तकं वाचून, टिपणं काढून, घसा कोरडा करून मला जे मिळत नव्हतं ते या माणसाला पाठ फिरवून मिळत होतं. सिनेमा चालू असताना माझं लक्ष पडद्याकडे नसायचंच. मी पहिल्या रांगेत कडेला बसायचो आणि भाईंकडे बघत राहायचो. आत्ता ते कोणाकडे बघतायत? हसले का? कोणाला बघून हसले? एकदा घरी शोभा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "भाई म्हणाले, मी हसायच्या आधी पदर तोंडाला लावते. अहो, खरंच की! पंचवीस वर्षांत तुमच्या कधी लक्षात आलं का हो?" मी त्या दिवशी दुसरी पोळी घेतली नाही.

आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट अशी, की भाईंनी माझ्या चेहऱ्यावर काय पाहिलं हे मला जाणून घ्यायचं होतं. सगळे विचारत होते, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही त्या स्टुलाभोवतीच्या गर्दीतला एक झालो असतो.

मग तो वाळवंटातला सिनेमा आला.

जुना, जगभर गाजलेला, मध्यंतर धरून जवळजवळ चार तासांचा विलायती युद्धपट. कॉलेजात असताना मी तो पुण्यात एका पडक्या थिएटरात पाहिला होता. माघार घेणारी एक पलटण वाळवंट तुडवत जाते. वाटेतली विहीर कोरडी निघते. कप्तान आपल्या वाट्याचं शेवटचं पाणी एका लंगड्या घोड्याला पाजतो. शेवटी पडद्यावर पूर्ण दोन मिनिटं फक्त वाळू दिसते, माणूस नाही, आवाज नाही. ती दोन मिनिटं मी तीस वर्षं उराशी बाळगली होती. वाचनालय बंद झाल्यावर बसून, सहा महिने खपून, मी त्या सिनेमाच्या संवादांचं मराठी केलं आणि पडद्याखाली ओळी येतील अशी सोय केली. हा सिनेमा माझा होता. त्यानंतरही लोक स्टुलाभोवती जमून "मी कुठं रडलो?" विचारणार, ही कल्पना मला सहन होईना.

आठ दिवस आधी मी सभागृहाच्या दारावर एक पाटी लावली. सुवाच्य अक्षरात.

"सर्व प्रेक्षकांनी पडद्याकडे तोंड करून बसावे. — आज्ञेवरून."

पृथ्वीच्या पाठीवर हा नियम लागू पडेल असा एकच माणूस होता. आज्ञा कोणाची, तर माझी. कार्यकारिणीला मी "शिस्तीच्या दृष्टीने" असं सांगितलं होतं.

त्या रविवारी भाई आले. पाटीसमोर उभे राहिले. बोट फिरवत त्यांनी ती दोनदा वाचली.

"सर, हे मला हाय का?"

"सगळ्यांनाच आहे, भाई." माझी नजर दाराच्या कडीवर होती.

ते माझ्याकडे बघून हसले. मला वाटलं, टोमणाच आहे. "बरं बरं. समजलं," ते म्हणाले. "गाडीत लिव्हलेलं पाळायचं. आमीच पाळलं न्हाई तर पाशिंजर काय पाळनार?" त्यांनी गजावर टक्-टक् केलं आणि चष्मा पुसत शेवटच्या रांगेत जाऊन बसले. पिशवी खुर्चीखाली ठेवली. रिकामं स्टूल मी स्वतःच्या हातानं उचलून कपाटामागे ठेवलं.

आणि मग मी काय केलं, ते सांगायला लाज वाटते. प्रोजेक्टरवर लक्ष ठेवायचं निमित्त करून मी त्यांच्याच जागी खिडकीखाली उभा राहिलो. पडद्याकडे पाठ करून. म्हटलं, हे काय अवघड आहे? चेहरे तर बघायचे आहेत.

अंधारात मला फक्त डोकी दिसली. साठ डोकी. त्यात कोण हेलावलंय आणि कोणाला डास चावतोय, काही कळेना. आवाज तेवढे ऐकू येत होते.

पलटण विहिरीशी आली तसे दगडू आण्णा खुर्चीतून पुढे सरसावले. आण्णांनी आयुष्यात स्वतःच्या रानात चार विहिरी खोदल्या आहेत. "हितं पानी? अरं, झाड न्हाई, झुडूप न्हाई, हितं कुनी सांगितलं खांदायला? पानी बघनारा पानाड्या तरी न्यायचा संगं!" विहीर कोरडी निघाली तेव्हा ते शांतपणे मागे टेकले. "मंग? म्हनलं नव्हतं?"

रणगाडे आले तेव्हा सुभेदार उठून उभेच राहिले. त्यांची हयात नगरच्या लष्करी तळावर, दुरुस्तीसाठी रणगाड्यांखाली झोपून गेली. "हा पट्टा ढिला आहे. हा पाच मैल जायचा नाही," त्यांनी जाहीर केलं. चौथ्या मैलावर रणगाडा अडकला आणि साठ माणसांनी सुभेदारांसाठी टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शकासाठी एकही नाही.

मध्यंतरापर्यंत दोन माठ रिकामे झाले. वाळवंट बघून लोकांना तहान लागत होती. कप्तान घोड्याला पाणी पाजू लागला तेव्हा एक बाई कळवळून म्हणाल्या, "अगं बाई, सगळंच नको रे पाजू, थोडं तुलाबी ठेव." आणि शेवटी ती दोन मिनिटं आली. नुसती वाळू. पाठ तिकडे असली तरी मला ती दिसत होती. अर्धं मिनिट गेलं असेल.

"लाईट गेली का?" आण्णांनी विचारलं.

हशा पिकला. माझी तीस वर्षांची दोन मिनिटं त्या हशात बुडाली.

दिवे लागले. लोक सवयीनं खिडकीकडे वळले, तर तिथे मी. ते क्षणभर थांबले आणि मला वळसा घालून शेवटच्या रांगेकडे गेले.

"भाई, घोड्याच्या टायमाला मी कसा हुतो?"

"म्हाईत न्हाई बाबा," भाई डोळे चोळत म्हणाले. "आज मानसं दिसली न्हाईत. शिनेमा दिसला."

"मंग कसा हुता?"

भाईंनी बराच विचार केला. "वाळू हुती," ते म्हणाले. "लई वाळू हुती." मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि घाईघाईनं त्यांनी जोडलं, "पन चांगली हुती हां, सर. वाळू चांगली हुती."

लोक हसले. मीही हसलो. त्या दिवशी भाई "कुनी राहिलं का?" न विचारताच निघून गेले. खुर्च्यांखाली मीच वाकून बघितलं. एकच वस्तू राहिली होती. भाईंची पिशवी, आत पंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती द्यायला त्यांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. नदीकडच्या आळीत दोन खोल्या. भाई औषधं आणायला गेले होते. आतून आवाज आला, "शेटे सर का? या, या. चपलांच्या आवाजावरनं वळखलं. हे म्हनत्यात, सर टाच घासत चालत्यात."

खाटेवर भाईंच्या पत्नी, भाभी, होत्या. डोळे माझ्या किंचित बाजूला बघत होते. शुगरनं आधी दृष्टी नेली, मग उजवा पाय, हे त्यांनी एखाद्या बिघडलेल्या मिक्सरबद्दल सांगावं तसं सांगून टाकलं. त्याआधीची तीस वर्षं त्या बांगड्यांची पेटी घेऊन गावात दारोदार फिरल्या होत्या. नेवाशात अशी बाई नाही जिचं मनगट त्यांच्या हातात आलेलं नाही. माझ्या लग्नातला शोभाचा चुडा त्यांनीच भरला होता, हे मला त्या दिवशी कळलं.

"आता मला कुठं जायला येतंय?" त्या म्हणाल्या. "मंग हे जात्यात. गाव येतं ना शिनेमाला. हे गाव बघून येत्यात आन मला सांगत्यात. कोन वाळलं, कोन सुधारलं, कोनाच्या तोंडावर हसू हाय. महिनाभर पुरतं मला ते." मग त्या हसल्या. "काल मातुर गंमत झाली. काय आनलं म्हनलं, तर म्हनत्यात एक घोडा हुता. लंगडा. म्हनलं, मी घोड्याला वळखत न्हाई, मानसांचं सांगा. तर गप."

मी पिशवी मांडीवर धरून बसलो होतो.

"तुमी हुता की. तुमी सांगा," त्या उशीवर जरा वर सरकल्या. "आण्णा काय बोलले?"

विहिरीचं सांगितलं. रणगाड्याचं सांगितलं. लाईट गेल्याचं सांगितलं. त्या पोट धरून हसल्या. मला बरं वाटलं.

"आन लता आल्ती का? डेअरीवाली?"

"आल्या होत्या. दुसऱ्या रांगेत होत्या."

"आण्णा बोलले तवा ती हसली का?" त्यांचा आवाज उतरला. "नवरा गेल्यापासनं हसली न्हाई. सहा महिने झाले. दर टायमाला ह्यांना विचारते मी. ह्यांना वाटतं, येत्या एक-दोन टायमाला हसंल. हसली का सर?"

लताबाई माझ्यापासून दहा फुटांवर बसल्या होत्या. मी तोंड त्यांच्याकडेच करून उभा होतो. चार तास.

"मी बघितलं नाही, भाभी," मी म्हणालो.

"असू द्या, असू द्या. समद्यांनाच येत न्हाई ते." माझंच त्यांना वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी विषय बदलला. "ती पाटी तुमी ह्यांच्यासाठी लावली ना?"

मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळू लागलो.

"हे मला म्हनले. सरांनी मुद्दाम माझ्यासाठी पाटी लावली. सरांचा आवडीचा शिनेमा हाय, मी एकदा तरी बघावा म्हनून. तोंडानं बोलायला लाजले, म्हनून लिव्हलं. लई झोप येत हुती म्हनं, पन चिमटे घेऊन जागले. सरांना वाईट वाटंल म्हनून."

बोलायला हवं होतं. भाभी, तसं नव्हतं, एवढेच तीन शब्द होते.

"तुमचं लई सांगत्यात हे," त्या पुढे म्हणाल्या. "म्हनत्यात, समदे पडद्याकडं बघत्यात, एकटे सर माझ्याकडं बघत्यात. पहिल्यापासनं शेवटापर्यंत. मी नीट बसलोय का, दमलो का, ध्यान ठेवत्यात. बत्तीस वर्षं मी पाशिंजरावर ध्यान ठेवलं, म्हनत्यात, माझ्यावर ध्यान ठेवनारा ह्यो एकच मानूस."

माझ्या चेहऱ्यावर भाईंनी काय पाहिलं, हे मला जाणून घ्यायचं होतं. ते असं कळलं.

तेवढ्यात भाई आले. मला बघून दारातच थबकले, मग पिशवी बघून त्यांचा चेहरा उजळला. "आयला, मीच राहिलो व्हय!" ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खूप हसले. चहा झाल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. चहा पिताना तीन वेळा मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि तीन वेळा बिस्कीट घेतलं.

पाटी मी त्याच संध्याकाळी काढली. पुढच्या महिन्यात दुसरा सिनेमा ठरला होता, पण आण्णा, सुभेदार आणि आणखी दहा-बारा जण वाचनालयात येऊन बसले. त्यांची मागणी एकच होती, वाळवंटच परत लावा. मला भरून आलं. "इतका आवडला?" मी विचारलं.

"तसं न्हाई," आण्णा म्हणाले. "भाईंनी आमाला बघितलंच न्हाई. मंग आमाला कसं कळावं आवडला का न्हाई?"

स्टूल मी कपाटामागून काढून, पुसून, खिडकीखाली ठेवलं. "पाटी कुठंय?" भाईंनी विचारलं. "वाऱ्यानं पडली," मी म्हणालो. हे आणखी एक खोटं. त्यांनी गजावर टक्-टक् केलं.

पुन्हा विहीर कोरडी निघाली, पुन्हा रणगाडा अडकला, पुन्हा घोडा पाणी प्यायला. मग पडद्यावर वाळू आली. सगळं सभागृह श्वास रोखून आण्णांकडे बघत होतं, आणि आण्णा, लबाड, या वेळी गप्प बसले होते. एक मिनिट. दीड मिनिट. मग दुसऱ्या रांगेतून एका बाईचा बारीक आवाज आला, "आण्णा, लाईट गेली ना!" आणि त्या आवाजाच्या पाठोपाठ, फुटल्यासारखं हसू.

लताबाईंचा आवाज होता. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. भाईंचा चेहरा माझ्या समोर होता, आणि महिनाभर पुरेल एवढं काहीतरी त्यांना एका क्षणात मिळालेलं मला त्यावर स्पष्ट दिसत होतं.

माझा मत्सर गेला, असं मी म्हणणार नाही. त्या क्षणीही मला वाटलंच, या माणसाला घरी जाऊन सांगायला कोणीतरी आहे, आणि कोणाचं हसू कधीपासून थांबलंय हे त्याला माहीत असतं. शोभाच्या पदराची गोष्टसुद्धा मला त्याच्याकडून कळावी लागली. आणि खरं काय ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. ते वाचनालयातलं काही वाचत नाहीत, म्हणून इथे लिहिण्याचं धाडस केलं.

हसू ओसरल्यावर भाईंची नजर रांगारांगांवरून फिरत, एकेकाला टिपत, पहिल्या रांगेच्या कडेला आली. माझ्यावर थांबली. मागे पडद्यावर माझी तीस वर्षांची वाळू अजून वीसेक सेकंद उरली होती. मी तिकडे बघितलं नाही. भाईंकडेच बघत राहिलो, नीट, सरळ, त्यांना अंधारातही दिसेल असं. घरी गेल्यावर भाभी विचारणार होत्या.